धुळ्याला पाठवलेला फोटो

२ फेब्रुवारी, रविवार

परत दात काढले! इतकी वर्षं लोकांच्या पोरींचे स्थळासाठी फोटो काढतेय — ओठ मिटून कसं हसायचं हे एव्हाना बकरीलाही शिकवलं असतं. आणि माझ्या पोटची पोर कॅमेऱ्यासमोर उभी राहते आणि फिसकन हसते. म्हणाली, "मम्मी, तू कॅमेऱ्यामागे किती गंभीर दिसतेस!" मी म्हटलं, तुझा रंग बघून होते गंभीर.

गप्प झाली. मग फोटो चांगला आला.

धुळ्याहून विचारणा आलीय. त्यांनी आपणहून हर्षालीचा फोटो मागितलाय! असोद्याचे नाना लग्नं जुळवतात, तेच निरोप घेऊन आले. धुळ्यातच देवपूरला स्वतःचं घर, मुलगा कल्पेश आयटीआयमध्ये शिकवतो, घरात तो आणि आई लताबाई, बस्स. असं स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, काही झालं तरी नाही. डिसेंबरात सोनगीरला त्यांच्या भाचीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. तिथे मला बघितलं असणार. नाना बोलले नाहीत, पण मला कळतं — आई अशी, तर मुलगी कशी असेल!

आता मुलगी कशी आहे ते माझं मलाच माहीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बापावर गेली. ह्यांचं नाव तोताराम, माझं कोकिळा. लग्नात लोकांना आयतंच हसायला मिळालं होतं. त्यात कोकिळा गोरीपान आणि पोपट काळा. वाटलं होतं, पोर मधे कुठेतरी थांबेल. नाही थांबली.

आज दुपारभर कॉम्प्युटरवर तिच्या फोटोचं काम करत बसले. रंग उजळला, नाक जरा सरळ केलं, मानेवरचा काळपटपणा घालवला. डोळे तेवढे तसेच ठेवले. डोळे बरे आहेत तिचे. मग तिला बोलावून स्क्रीनवर दाखवलं. कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "मग हिलाच पाठव धुळ्याला."

उद्धट! मी डोळे फोडून घेते ते कोणासाठी?

पाठवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सावद्याची एक पोरगी आली, आईला घेऊन. तोंडभर मुरुमांचे खड्डे, हनुवटी नाहीच. आई म्हणते, "ताई, तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात." आहेच. गाल केळीच्या गाभ्यासारखा करून दिला. बघून पोरगी रडायलाच लागली, इतका आनंद झाला तिला.

त्या गेल्यावर हर्षाली वायर गुंडाळत म्हणाली, "मम्मी, ती आनंदाने नव्हती रडत." हिला काय कळतं!

९ फेब्रुवारी, रविवार

धुळ्याचा फोन! तेवीस तारखेला बघायला येतात. लताबाई आणि मुलगा.

फोटो गेला पुढे, पोर राहिली मागे. आता तिला फोटोपर्यंत न्यायचं. आजपासून चहा बंद, चहाने आणखी काळवंडते. स्कार्फ, सनकोट, हातमोजे घातल्याशिवाय दारात पाऊल नाही. आणि लग्नांच्या ऑर्डरवर माझ्याबरोबर येणं बंद. उघड्या लॉनवर लाइट धरून धरून करपते नुसती. तोंड फुगवून म्हणाली, "मग लाइट कोण धरणार?" जसा काही हिच्यावाचून माझा अंधारच होणार आहे.

संध्याकाळी रूपालीच्या पार्लरला गेलो. माझं फेशियल, हिचं डी-टॅन आणि ब्लीच. रूपाली म्हणाली, "कोकिळाताई, बहिणी-बहिणी दिसता दोघी — आणि तुम्हीच धाकट्या!" मी दटावलं तिला. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. हर्षाली आरशात बघतच नव्हती. वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसली होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हर्षालीशिवाय पहिलं लग्न केलं. लाइटला ओळखीची एक बाई घेतली. नवरीच्या तोंडावर उजेड कुठून पाडायचा ते तिला परत परत सांगून घसा बसला. हर्षालीला सांगावं लागत नाही. मी मान वळवायच्या आत ती पोचलेली असते.

हे तिला सांगणार नाही. शेफारेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

रूपालीने नाही म्हणून सांगितलं! मला! "ताई, इतक्या लवकर परत ब्लीच नाही करणार मी, कातडी जळते. आणि काय वाईट आहे हो पोरगी? नाकीडोळी किती नीटस!"

नाकीडोळी नीटस म्हणजे काळी. मी हाच धंदा करते, मला नको शिकवू. माझे केस तेवढे करून घेतले, हर्षालीला बाहेर बाकड्यावर बसवलं. येताना ब्लीचचा पुडा घेऊन आले.

रात्री हे म्हणाले, "राहू दे ना आता. जशी आहे तशी आहे." मी म्हटलं, जशी आहे तशी तुमच्यामुळेच आहे. ह्यांनी हात धुतले आणि झोपायला गेले. ह्यांचं बरं असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लावलं. पुड्यावर लिहिलं होतं त्याच्यापेक्षा जरा जास्तच ठेवलं. "मम्मी, आग होतेय." होणारच! फुकट मिळतो का उजळपणा? "मम्मी, धुऊ दे ना." झालं, झालं, थोडंच राहिलं म्हणत मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

लाइटचे स्टँड उचलून उचलून जोर आलाय तिच्या हातांत. मनात आणलं असतं तर मला भिंतीपर्यंत ढकललं असतं. पण तिने हात ओढले नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही गाल लालभडक. डाव्या गालाची सालं निघतायत, हनुवटीवर फोड. कोरफड लावली, दही लावलं, बर्फ लावला. काही नाही. आणि उद्या माणसं येणार!

मोरीत जाऊन रडले. तिच्यासाठी रडले असं लिहिलं तर ते खोटं होईल. उद्यासाठी रडले.



२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी रूपालीला घरीच बोलावलं. तिने हर्षालीचा गाल बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि मेकअपचे थर चढवले. मी पुढच्या खोलीचे पडदे ओढले. खुर्ची अशी लावली की खिडकी तिच्या पाठीशी येईल. उजेडाचं मला सांगायला नको.

लताबाई आल्या. बघितलं आणि मी गारच पडले. माझ्या हर्षालीपेक्षा दोन बोटं जास्तच काळ्या! मुलगाही तसाच. बसल्या, पाणी घेतलं, हर्षालीकडे बघितलं. मग आपल्या उठल्या, जाऊन पडदा सर्रकन बाजूला केला, आणि तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"माय वं! इना तोंडले काय झायं?"

नाना पोह्यांच्या बशीत बघतायत, हे जमिनीकडे.

मग माझ्याकडे वळल्या. "आम्ही तं सोनगीरले लाइट धरीसन उभी व्हती ती पोरगी मांगेल व्हती. फोटो उना तं मले वाटनं, हाई दुसरीच शे."

मला नव्हतं बघितलं. हिला बघितलं होतं. दिवसभर उन्हात लाइट धरून उभी होती आणि नवरीला हसवत होती म्हणे, ते मायलेकांनी बघितलं. तीच हवी म्हणून फोटो मागवला. तो आला तेव्हा त्यांना वाटलं, आम्ही भलतीच मुलगी गळ्यात मारतोय. खात्री करायला आले होते ते!

माझ्या तोंडातून निघून गेलं, "हल्लीच्या पोरी ऐकतात का? काहीतरी लावत बसतात तोंडाला."

हर्षालीने मान वर केली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हो. मीच लावलं."

मग कल्पेश म्हणाला, मला यांच्याशी बोलायचंय. लताबाईंनी आम्हाला सगळ्यांना मागच्या खोलीत आणून बसवलं. माझ्याच घरात! पुढे दोघं बरंच बोलत होती. एकदा हर्षालीचं हसू ऐकू आलं, चांगलं मोठ्याने. गाल ओढला जात असणार तिचा, दुखत असणार, तरी हसली.

"कळवतो," म्हणून गेले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेलं स्थळ. हातातोंडाशी आलेलं.

काल पुढच्या खोलीत काय बोललात विचारलं, तर म्हणते, "काही नाही." चहा करून पीत होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नाना आले. पसंती आली! लग्न एप्रिलात, धुळ्याला. मी साखर आणायला उठले तर म्हणाले, "बसा ताई. एक अट आहे." मी म्हटलं, असेल ती मान्य. लताबाई म्हणतील तसं.

लग्नात नवरीचे फोटो आईने काढायचे नाहीत. एकही नाही.

मी हसले. म्हटलं, फोटोत जरा गोरी केली तर एवढा राग? सांगा लताबाईंना, मान्य आहे.

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "ताई, अट त्यांची नाही. तुमच्या हर्षालीनं घातलीय."