चूक कबूल न करण्याची अट

३ फेब्रुवारी १९३८

ताजुद्दीन आज दुकानात येऊन बसला तो उठेचना! विमा एजंट झाल्यापासून हा बालमित्र गिऱ्हाइकापेक्षा जास्त वेळ माझ्याच बाकावर असतो. आयुष्याच्या विम्याला नाही म्हटलं, आगीच्या विम्यालाही नाही. आज नवीनच काढलं — "हौशीरामभाऊ, औषध देताना तुमची चूक झाली, रोग्याला बाधलं, त्यानं दावा ठोकला, तर भरपाई कंपनी देणार."

माझी चूक! लोणावळ्यात औषधांचं दुकान टाकल्यापासून थेंब इकडचा तिकडे झालेला नाही. घरी येऊन आमच्या सौ. लीलाबाईंना हेच ऐटीत सांगितलं. तर ही म्हणते, "मग परवा देवाला कुंकू म्हणून लाल दंतमंजन कोणी वाहिलं?"

दंतमंजन माझ्याच दुकानचं. पूजाही मीच केलेली. गणपतीला दोन दिवस लवंगेचा वास येत होता.

५ फेब्रुवारी

ते दंतमंजन डोक्यातून जाईना. देव दावा लावत नाही, पण माणूस लावतो! ताजुद्दीनला निरोप धाडला.

७ फेब्रुवारी

ताजुद्दीन दोन पॉलिस्या घेऊन आला. स्वस्तातली फक्त दुकानच्या नव्या बाटलीतल्या औषधाला लागू. अरे, मावळात नवी बाटली घेतो कोण? घासलेटाची, तेलाची, साहेबाच्या बंगल्यातली रिकामी — जो तो आपली बाटली घेऊन येतो. महागातली सगळ्या बाटल्यांना लागू, पण तिला एक अट. काही झालं तर आधी कंपनीला कळवायचं. चूक कबूल करायची नाही — तोंडीसुद्धा! रोग्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही.

ही चहा घेऊन आली होती. म्हणाली, "चूक कबूल न करायला हप्ता कशाला? ते तर हे फुकटातच करतात."

ताजुद्दीन एवढा हसला की बशी कलंडली. मला नाही हसू आलं. महागातलीच घेतली.

१० फेब्रुवारी

सही केली. आता चुकायला मोकळा!

२० फेब्रुवारी

काल लिहायला बसवेचना.

काल बाजारचा दिवस. लोहगडवाडीच्या सरूमावशी दोन बाटल्या घेऊन आल्या — घरधनी अंबाजीआबांच्या खोकल्याला एक, गुडघ्याच्या तेलाला एक. मावशींना वाचता येत नाही. पण आमच्या दुकानाची खूण सगळ्या वाड्यांना ठाऊक: डोसाच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी असली की प्यायचं, लाल चिठ्ठी असली की चोळायचं.

दुपारी जेवायला घरी आलो. हिनं माझ्या कोपराकडे बघितलं आणि खो खो हसत सुटली. "हे काय? 'विषारी. बाहेरून लावण्याचे.' तुम्हालाच लावायचं का?"

लाल चिठ्ठी माझ्या बाहीला! म्हणजे बाजारच्या घाईत तेलाच्या बाटलीलाही मी पट्टीच डकवली. दोन्ही बाटल्यांना पट्टी! नुसतं टर्पेंटाइन आणि कापूर — आबा ते पिणार!

तसाच उठलो. स्टेशनवर ताजुद्दीन भेटला. ऐकून त्यानं हातच धरला. "जाऊ नका, भाऊ! कंपनीला तार करू. तिकडे जाऊन एक शब्द बोललात तर पॉलिसी गेली. दावा लागला तर दुकान जाईल तुमचं!" खरं सांगतो, पाय क्षणभर थबकले. लाज वाटली मला त्या क्षणाची. गाडी हलली तशी धावत चढलो.

मळवलीला उतरून पायी. खिंडीच्या चढावर धाप लागली. मनात एकच — आबा गेले असतील तर मावशीपुढे काय तोंड घेऊन उभा राहू?

आबा अंगणात, धोतर गुडघ्याच्या वर घेऊन बसलेले. वाडीच्या कडेपासूनच ओरडलो, "आबा, पिऊ नका! चूक माझी!" सगळी वाडी गोळा झाली. पुन्हा सांगितलं. पट्टी मीच डकवली, चूक माझी. तेव्हाच विमा आठवला. म्हटलं, गेला उडत!

आबा म्हणाले, "कोन पितंय? म्या कवा औषिद पिलोय व्हय?"

मावशी म्हणाल्या, "त्ये तोंडात घेत न्हाईत, भाऊ. लय हट्टी हायती. कसलंबी आणलं तरी म्या गुडघ्यालाच चोळती."

एका गुडघ्याला तेल, दुसऱ्याला खोकल्याचं औषध! त्या गुडघ्यावर मुंग्यांची रांग लागलेली.

"मग आजवर खोकला कसा बरा झाला, आबा?"

"आपसूक जातोय की!"

हसलो आणि रडलोही. आबांचे पाय धरले तर हात चिकट झाले.

२२ फेब्रुवारी

ताजुद्दीन कपाळाला हात लावून बसला होता. "चारचौघांत कबूल केलंत! आता उद्या कुणी दावा लावला तर कंपनी हात वर करणार."

म्हटलं, ती पॉलिसी बंदच कर. असली अट मला झेपायची नाही. त्यानं वाद घातला नाही. पिशवीतून घरची बाटली काढली, बायकोला, चाँदबीभाभींना, खोकला झालाय म्हणाला. औषध घेताना पट्टी मात्र उलटसुलट करून दोनदा बघितली, लबाड!

२५ फेब्रुवारी

सकाळी पूजेला बसलो तर ही दारात येऊन उभी. मग म्हणाली, "अहो, करंड्यात कुंकू समजून दंतमंजन मीच भरलं होतं. तुम्ही नाही चुकला."

मला लोहगडवाडीपर्यंत चढावं लागलं होतं. ही स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत आली — आणि माझ्याइतकीच धापा टाकत होती!