स्प्रिंग समजून

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? (सिगारेट सोडली असेल तर कळव, सोडली नसेल तर कळवू नकोस.) मी अगदी ठणठणीत आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पत्र दवाखान्यातून लिहितो आहे. धावत येऊ नकोस. येण्यासारखं काही नाही.

झालं असं, की एका शाळेचं माणसाएवढं उंच जुनं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं आणि माझ्या आळसामुळे महिनाभर दुकानामागच्या खोलीत पडून होतं. शेवटी शाळेचा निरोप आला, म्हणून लंबकाच्या खणात हात घातला, तर बोटाला सणसणीत काहीतरी लागलं. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या मनात दुसरं काय येणार? म्हटलं, स्प्रिंग सुटली. (लंबकाच्या खणात स्प्रिंग नसते, हे शेंबडं पोरही सांगेल. मला ते चार तासांनी सुचलं.) बोटाला चिंधी गुंडाळून दुसरं घड्याळ उघडलं. चिंधी भिजली, दुसरी बांधली, तीही भिजली. बोट फुगून दुप्पट झालं. चूळ भरली तर तीही लाल. तेव्हा कुठे बॅटरी घेऊन खणात डोकावलो. आत साप वेटोळं घालून निवांत बसला होता. हिने मला रिक्षात कोंबलं आणि वाटभर जे सुनावलं, त्यापुढे साप परवडला.

इथे रक्त काढून काचेच्या नळीत ठेवतात. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग तिरकी करून पाहायची. माझं पाण्यासारखं ओघळलं. विषाने रक्ताची गोठायची ताकदच घालवली होती. सलाईनमधून विषावरचं औषध दिलं, सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा तेच. अशा वेळी माणसाने देवाचं नाव घ्यावं, माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे! ते तासाला चार मिनिटं पुढे पळत होतं. नर्सबाईंना म्हटलं, तुमची वीस मिनिटं सव्वा मिनिटाने कच्ची आहेत. त्या म्हणाल्या, "आजोबा, आडवे व्हा बघू." आजोबा! अठ्ठावन्नचा आहे गं मी. असो. तिसऱ्या नळीत रक्त गोठलं.

मग मूत्रपिंडांनी संप पुकारला. दिवसभरात लघवी जेमतेम अर्धी वाटी, तीही कोऱ्या चहाच्या रंगाची. तीनदा डायलिसिस झालं. (यंत्र मात्र देखणं हं! छोटं चाक रक्त बाहेर नेतं, धुतलेलं परत आणतं, चार तासांत एकदाही अडखळलं नाही.) आता मला 'कसा आहेस' कुणी विचारत नाही, 'किती झाली' विचारतात. सासरे तर फोनवर इतक्या मोठ्याने विचारतात, की शेजारच्या खाटेवरचा गवंडीच उत्तर देतो.

बाकी सगळं छान. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुतेकांची मूत्रपिंडं काही आठवड्यांत पुन्हा चालू होतात. त्या 'बहुतेकांची'वर मी तीन दिवस पडून आहे. हिला सांगितलंय, मला खात्री आहे. खात्री नाही, ताई. फार भीती वाटते. वर लिहिलेलं विसर आणि ये. 'माझं एक घे' वगैरे सुरू करू नकोस, तुला ओळखून आहे मी. नुसती शेजारी बस. आणि किती झाली ते विचारू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच ही मोजायचं भांडं घेऊन वॉर्डभर मिरवून आली. सकाळपासून चारशे मिली! गवंड्याने टाळ्या वाजवल्या. मग आता कशाला येऊ, असं म्हणशील. पण भिंतीवरचं ते घड्याळ मी काढून मागितलंय, आणि उजवा हात अजून सुजलेला आहे (हे पत्रही डाव्या हाताने खरडलंय). लहानपणी धरायचीस तसं ते कुणीतरी धरायला हवं.