‘आढळला नाही’ या शेऱ्याबाबत

मी, खाली सही करणारी निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, वय झाले तरी पुरती भानावर असून, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते.

१. राहते घर मुलाला. त्याने बाल्कनी काचेने बंद करू नये. करणारच आहे, हे ठाऊक आहे.

२. बँकेतील ठेव नातीच्या शिक्षणासाठी. पक्ष्यांची पुस्तके शाळेला. शेजारच्या वकिलांनी नेलेली शिडी परत आलीच, तर तीही शाळेला. मला आशा नाही.

३. धाकट्या जावेला या मृत्युपत्राने काही मिळत नाही. ती साक्षीदार आहे, आणि लाभ घेणाऱ्याची साक्ष चालत नाही. माझी दुर्बीण मात्र मी आजच तिच्या हाती दिली आहे.

४. गावाबाहेरच्या कोरड्या माळावर, काटेरी झाडांत, आखूड शेपटीचा वटवट्या राहतो का, हे पाहण्याचे काम नगरपालिकेने माझ्यावर सोपवले होते. मुठीत मावेल एवढा हा मातकट पक्षी दिसायला त्याच्या भाऊबंदांसारखाच. ओळख पटते ती फक्त त्याच्या बारीक, उंच सुरावरून. जाऊ सोबत होती. म्हणाली, "ताई, ऐका ना, त्या शेंड्यावर गातोय!" मी म्हटले, "तुझे कान वाजतायत." आणि अहवालात ठोकून दिले, ‘आढळला नाही’. त्या शेऱ्यावर तिथे गोदामे मंजूर झाली.

पुढे मला ताप आला. तापमापक काखेत वाजत होता आणि नात म्हणाली, "आजी, काढ की, केव्हाचा ओरडतोय!" मला काहीच ऐकू येत नव्हते. कानांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "उंच सूर तुमचे कधीच गेलेत." म्हणजे जाऊ खरी होती आणि पक्षी तिथेच गात होता. हे कळूनही मी मूग गिळून बसले, कारण पक्ष्यांच्या बाबतीत गावात माझा शब्द चालतो आणि तो मला सोडवेना. जावेसमोर बसले की मला लाज वाटते.

५. वरील कलम माझ्या पश्चात वाचावे, असे आधी लिहिले होते, म्हणजे कोणाला तोंड दाखवायला नको. जावेने सही करण्यापूर्वी ते वाचले. चिडेल असे वाटले होते. ती एवढेच म्हणाली, "ताई, तुम्ही जाईपर्यंत झाडं थांबणार आहेत का?"

म्हणून कलम चारची अंमलबजावणी माझ्या हयातीतच व्हावी. उद्या नगरपालिकेचे दार उघडताच मी स्वतः ते वाचून दाखवीन. जाऊ सोबत येणार आहे.

सही : निवृत्त शिक्षिका
साक्षीदार : १. कानांचे डॉक्टर
२. धाकटी जाऊ, जिने पक्षी ऐकला
स्थळ : माझे स्वयंपाकघर
दिनांक : रविवार, झाडतोडीच्या आदल्या दिवशी