हरकत असल्यास पाटी उभी करावी

३ मार्च, सोमवार

आजपासून पुन्हा तोच गोंधळ. सभागृहात एकशे बारा देश, टेबलांवर त्यांच्या नावांच्या एकशे बारा पाट्या. सगळ्या मी पुसल्या, मी मांडल्या. सुपरवायझर म्हणतो, 'मावशी, यादी बघून मांडा.' यादी! सव्वीस वर्षं मांडतेय. कुणाशेजारी कोण बसलं की रुसतं, तेसुद्धा पाठ आहे. याला स्वतःच्या चपलेचा जोड सापडत नाही.

हवामानाचा करार. ऊन वाढलं, समुद्र चढला, आता कुणी काय करायचं त्याचा कायदा. कायदा कसला— एकेका शब्दावर दोन-दोन दिवस. 'करावे' की 'करता येईल'! माझ्या हातात असतं तर जेवायच्या आत उरकलं असतं.

४ मार्च

मास्तर आले. नववं वर्ष त्यांचं. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, आता त्यांच्या बेटांच्या देशातर्फे इथं येतात. एकटेच. मोठ्या देशांची तीस-तीस माणसं, आणि हे शेवटच्या रांगेत, खांबाआड. आपली भाषा मोडकीतोडकी बोलतात. मीच शिकवली, पाट्या मांडता मांडता.

'ताई, तब्येत?'

म्हटलं, 'माझी राहू द्या. तुमचे केस पिकले.'

'तुमचे आधी पिकले. मी मागून आलो.'

यंदा काय, विचारलं. 'एकच ओळ,' म्हणाले. वही काढून वाचून दाखवली— जमीन पाण्याखाली गेली तरी देश हा देशच राहील, आणि तिथली माणसं त्या देशाचीच राहतील. मी म्हटलं, हे काय सांगावं लागतं? म्हणाले, 'नऊ वर्षं तेच सांगतोय.'

मग आपणहूनच म्हणाले, 'आईला दोनदा पुरलं, ताई. पाणी आलं म्हणून दुसऱ्यांदा वर, टेकडीवर.'

फडकं हातात होतं, तेच टेबल पुन्हा पुसलं.

५ मार्च

धाकट्या बहिणीचं आज माझ्यामागे टुमणं. म्हणते, 'ताई, आता पुरे. गुडघे बघ तुझे.' गुडघे काय, बोलतात जरा. तीही बोलते, तिला मी कुठे घराबाहेर काढलं?

७ मार्च, शुक्रवार

मास्तरांची ओळ मसुद्यात आली! कंसात आहे. कंसात म्हणजे अजून पक्की नाही, उद्या शेवटच्या बैठकीत ठरणार. कुणी उडवा म्हटलं आणि दुसऱ्या कुणी हरकत घेतली नाही, तर उडाली.

मास्तर स्वतः चहा घेऊन आले, माझ्यासाठी. अर्धा बशीत, अर्धा जिन्यात. 'उद्या डोळ्यात तेल घालून बसायचं,' म्हणाले. ही म्हण मी शिकवलेली नाही. कुठून उचलली कोण जाणे.

८ मार्च, शनिवार

लिहायला हात होत नाही. पण लिहिते.

दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी होती. मी रांगा नीट करत होते. मास्तरांच्या पाटीचा लाकडी पाय चिरलेला— उभी केली की कलंडे. शेवटच्या दिवशी कलंडती पाटी! मला खपत नाही. उचलली, खाली माझ्या खोलीत नेली. सरस लावायचा, दोरा गुंडाळायचा, दहा मिनिटांचं काम. कुणाला विचारलं नाही. मी कधी विचारते?

कुणाची तरी विमानं होती म्हणून बैठक लवकर सुरू केली. घंटाही नाही वाजवली. मी पाटी घेऊन वर आले तर मागचं दार बंद. काचेतून बघितलं. अध्यक्ष वाचतायत— अमुक ओळ वगळावी, कुणाची हरकत?

इथला नियम एकच. हरकत असेल तर टेबलावरची आडवी पाटी उभी करायची. हात चालत नाही, हाक चालत नाही. अध्यक्ष नुसत्या पाट्या बघतात.

खांबाआडून मास्तरांनी हात वर केला. खाली घेतला. पुन्हा केला. पुन्हा. तीनदा! टेबलावर चाचपत होते मध्ये. आणि त्यांची पाटी माझ्या काखेत.

'हरकत नाही.' हातोडा पडला. टाळ्या.

९ मार्च

जेवले नाही. धाकटीला सांगितलं. आधी तिनं धीर द्यायचा प्रयत्न केला— 'तू काय कायदा केलास का? ते मोठे लोक आणि ते त्यांचं.' मग तिच्याही तोंडून निघालंच— 'लोक सांगकामे असतात ग. तू न सांगता कामी!'

बरोबर आहे.

१० मार्च, सोमवार

सुपरवायझरला सांगितलं. तो पांढरा पडला. 'मावशी, इतिवृत्तात हरकत नाही असं लिहिलंय. तुम्ही गप्प, मी गप्प, विषय संपला.' म्हटलं, विषय तुझा संपला. माझा नाही.

कायदा विभागात गेले. तिथली वकीलबाई, माझ्या नातीच्या वयाची. ऐकून घेतलं तिनं, खुर्ची दिली. म्हणाली, वाट आहे. देशाची पाटी टेबलावर नव्हती असं सिद्ध झालं, तर तो देश पंधरा दिवसांत तक्रार करू शकतो. मग ती ओळ पुन्हा चर्चेला घ्यावी लागते. पण साक्षीदार हवा, लेखी.

म्हटलं, साक्षीदार समोर बसलाय. कागद द्या.

११ मार्च

कागद देण्याआधी मास्तरांना भेटले. अजून आहेत गावात. बाकावर बसले होते, बॅग पायाशी. सगळं सांगितलं, पाटी, सरस, दार. वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नुसते म्हणाले, 'पाय बसला का नीट?'

मला रडूच आलं. या वयात, भर रस्त्यावर!

मग कागदाचं सांगितलं. तर एकदम, 'नका लिहू, ताई.'

'का?'

'नका लिहू. झालं ते झालं.'

म्हटलं, माझी नोकरी जाईल म्हणून म्हणता ना? जाऊ दे. अडुसष्टाव्या वर्षी नोकरी जाते म्हणजे काय, सुटका होते. ते मान हलवत राहिले. त्यांच्याकडे शब्द कमी पडतात आपल्या भाषेत, आणि मला थांबायची सवय नाही. उठले आणि आले.

१२ मार्च, बुधवार

कागद दिला. चौथी शिकलेल्या बाईनं जेवढं लिहावं तेवढं. पाटी मी नेली. कुणी सांगितलं नव्हतं. मी काचेतून बघत होते. ओळ उडवू नये म्हणून मास्तरांनी हात वर केला, तीनदा. अध्यक्षांनी बघितलं नाही. खाली सही.

सुपरवायझर म्हणाला, 'मावशी, पायावर धोंडा मारून घेताय.' म्हटलं, पाय माझा, धोंडा माझा, तू बाजूला हो.

वकीलबाईनं तीनदा वाचला. म्हणाली, आजी, याहून चांगली साक्ष मी पाहिली नाही. आता हा मास्तरांच्या सरकारला जाईल, त्यांनी तक्रार केली की काम झालं.

पहिल्यांदा नीट झोप लागली.

१५ मार्च

मला घरी बसवलं. सोमवारपासून येऊ नका. धाकटी खूश. मी पण, थोडी. देशाचा देश राहणार असेल तर माझी एक खुर्ची गेली, काय मोठंसं.

१८ मार्च

उत्तर नाही. कपाट आवरलं. पुन्हा आवरलं.

२१ मार्च, शुक्रवार

वकीलबाईनं बोलावलं. बसा म्हणाली, पाणी दिलं, तेव्हाच समजले.

मास्तरांच्या सरकारचं पत्र— आमची तक्रार नाही. ती ओळ सरकारनं आधीच सोडून दिली होती. बदल्यात एक मोठा देश त्यांच्या माणसांना राहायला जागा देतोय. मास्तरांना बैठकीआधीच हुकूम होता, ओळ उडाली तरी गप्प बसायचं. ते गप्प बसले नाहीत. खांबाआडचा हात कुणाला दिसलाही नव्हता. माझ्या कागदावरून सरकारला कळलं.

मास्तरांना काढलं. चौकशी आहे. परत बोलावलंय, पासपोर्ट जमा.

सोबत माझ्याच कागदाची प्रत जोडलेली. 'तीनदा' या शब्दाखाली कुणीतरी लाल रेघ मारलीय.