मायनसची रेघ

प्रिय अमृत,

काय घडलं ते आधी सरळ लिहिते.

१. विठ्ठलच्या जीपचं इंजिन सेट करायला तू वापरलेला ट्यूनर आबांनी भंगारात काढला होता. तो मी मागून घेतला.
२. त्याची स्क्रीन गार असताना नीट चालते. तापली की आकड्यांच्या मधोमध जाणारी ठिपक्यांची एक बारीक आडवी ओळ विझते.
३. मायनसचं चिन्ह म्हणजे नेमकी तेवढीच ओळ.
४. आकडा एका ओळीवाचूनही ओळखू येतो, चिन्ह मात्र जातं; त्यामुळे तापलेल्या स्क्रीनवर मायनस तीन हा नुसता तीन दिसतो.
५. तू सांगत होतास ते खरं होतं.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण गॅरेजचा विषय निघाला की तू ‘जाऊ दे ना’ म्हणतोस आणि कोल्हापुरात पाऊस किती झाला ते सांगायला लागतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तुला सगळं पाठ आहे, तरी क्रमाने लिहिते, म्हणजे दुवा कुठे निसटला ते दिसेल. दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. कामशेतला आमच्या गॅरेजबाहेर विठ्ठलची जीप उन्हात उभी होती. लोणावळ्याचे पर्यटक घेऊन राजमाचीला जाताना ती चढावर तापते, अशी त्याची तक्रार होती. तू ट्यूनर जोडलास आणि केबल तोकडी म्हणून तो बॉनेटवरच ठेवलास. डिझेल सिलिंडरमध्ये किती आधी सोडायचं, तो आकडा तुला तीन दिसला. तीन जास्त होता, एक हवा होता. तू कमी करायचं बटण दाबलंस, तर चार झाला. वाढवायचं दाबलंस, तर तीन, दोन, एक. ‘भाऊ, बटणं उलटी चालतायत,’ असं तू आबांना ओरडून सांगितलंस आणि एकवर थांबलास. दुसऱ्या दिवशी राजमाचीच्या वाटेवर इंजिन आणखी तापून जीपचं हेड गॅस्केट गेलं. कुणाला लागलं नाही, पर्यटक बॅगा उचलून चालत गेले, पण ऐन हंगामात विठ्ठलची गाडी उभी राहिली. पुढच्या सकाळी गार गॅरेजात आबांनी तोच ट्यूनर जोडला, तर स्क्रीनवर मायनस एक, चिन्हासकट ठळक. ती जीप आबांनी स्वतः मायनस तीनवर ठेवलेली. म्हणजे कमी करायच्या ऐवजी तू वाढवून ठेवलं होतंस, आणि वर खापर बटणांवर फोडत होतास, असंच सगळ्यांना दिसलं. ‘बटनं उलटी चालत्यात व्हय? मग तू बी उलटा चाल, आल्या वाटंनं,’ असं आबा सगळ्यांदेखत म्हणाले. तू चाललास. चहाच्या टपरीवर तुझं नाव ‘उलटं बटण’ पडलं, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आता सांगायला हरकत नाही, कारण ते नाव गेलं.

मला तेव्हापासून एकच गोष्ट खटकत होती. माणसाला खोटं सांगायचं असेल तर तो पटेल असं सांगतो. ‘बटणं उलटी चालतात’ हे इतकं न पटणारं होतं, की ते कुणी मुद्दाम रचणार नाही. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून मी गप्प होते.

गेल्या आठवड्यात आंबीला कंपनीत साहेबांची परवानगी घेऊन जेवणाच्या सुट्टीत ट्यूनर टेबलावर घेतला. तिथे मी ट्रॅक्टरचे मीटर तपासते, त्यामुळे हवी ती हत्यारं हाताशी असतात. बॅटरी ठीक. केबल बदलून पाहिली, फरक नाही. स्क्रीनचा उजेड कमीजास्त केला, आतला प्रोग्राम नव्याने भरला, काही नाही. यंत्र अगदी शहाण्यासारखं वागत होतं. शेवटी उघडायचं ठरवलं. चौकट चिकटवलेली असते, ती सुटावी म्हणून गरम हवा सोडली. स्क्रीन चालूच होती. माझ्या डोळ्यांसमोर मायनसची रेघ फिकी झाली आणि गेली. हवा बंद केली, रेघ परत आली. मी काहीच न सांगता शेजारच्या सविताला नुसतं बघायला बसवलं आणि पुन्हा हवा सोडली. ती म्हणाली, ‘अगं, ह्याचा मायनस खाल्ला कुणी?’ मी हसले. सविता माझ्याकडे बघत राहिली. तिने मला कंपनीत हसताना पाहिलेलं नाही.

मायनसचे आकडे वाढवत नेले की तीन, दोन, एक असेच येतात. रेघ दिसत नसेल तर वाढवणारा माणूस कमी होताना बघतो. बटणं सरळ होती. स्क्रीन अर्धंच सांगत होती.

आता ओळ का विझते, ते. स्क्रीनची पातळ पट्टी आत जिथे बसते, तिथे पिवळं-लाल किटण धरलं होतं; तापलं की तिथली एक जोड सुटते. ते बघितल्यावर मला दुसरी चाचणी करावी लागली नाही. खंडेनवमी. पाने, जॅक, कॉम्प्रेसर सगळं पोत्यावर मांडून आबा पूजा करतात, तुला माहीत आहेच. ट्यूनर सगळ्यात महाग, म्हणून मधोमध आणि फुलाने पाणीही त्याच्यावरच जास्त. हळद-कुंकू चौकटीच्या फटीतून आत गेलं आणि दिवाळीपर्यंत शांतपणे आपलं काम करत बसलं.

किटण तसंच ठेवून मी ट्यूनर घरी नेला आणि आबांना केस वाळवायच्या मशीनने रेघ घालवून दाखवली. आधी म्हणाले, ‘म्या देवाचं केलं, त्यात माजं काय चुकलं?’ मग मशीन माझ्या हातातून घेतलं. तापव, गार कर, परत तापव. आई म्हणाली, ‘अवो, जळंल आता ते.’ ते थांबेनात. शेवटी मशीन खाली ठेवून म्हणाले, ‘पोरगं खरं बोलत व्हतं.’ एवढंच.

सकाळी ते ट्यूनर घेऊन टपरीवर गेले. मी पाठोपाठ गेले, कारण ते तो सरळ शेगडीवर धरतील अशी मला भीती होती, आणि त्यांनी धरलाच. रेघ गेली. विठ्ठल म्हणाला, ‘म्हंजी गेणूभाऊ, माजं गॅस्केट हळदीकुंकवानं गेलं? सवाष्ण गेलं म्हना की!’ सगळी टपरी हसली. मग तोच म्हणाला, ‘त्या पोराला दिल्याल्या शिव्या आता कुनाच्या नावावर करू? तुमच्या करू का?’ आबा म्हणाले, ‘कर. आनि लय जोरात देऊ नगं, म्हातारा झालोय. पन पोराला बोलवा आदी.’ विठ्ठलनेच मग इंदुरीला तुझ्या घरी जाऊन तुझ्या आईला, अंबूमावशींना, सांगितलं. त्या मला म्हणाल्या, ‘त्यो तितं टायरात हवा भरतोय गं, हाताला काय बी गोडी न्हाई त्याच्या.’

ट्यूनर आता दुरुस्त आहे. पट्टी नवी घातली, तापवून पाहिलं, रेघ टिकते. यंदाच्या खंडेनवमीला तो प्लास्टिकच्या पिशवीत बसणार, असं आबांनीच जाहीर केलंय. तुझ्यासाठी एक सूचना आहे: पुन्हा कधी बटणं उलटी चालली, तर ओरडून सांगून पुढे जायचं नाही. काम थांबवायचं.

आबांना तुला फोन करायचा आहे, पण फोन हातात घेतात आणि ठेवतात. मला म्हणाले, ‘तूच कळव, तुला लिव्हता येतंय.’ पण हे पत्र मी त्यांच्यासाठी लिहीत नाही. कोल्हापूरला जायच्या आदल्या संध्याकाळी इंदुरीच्या पुलावर तू म्हणालास, ‘हा डाग अंगावर असेपर्यंत तुझ्या घरी येऊन तुला मागणं मला जमणार नाही.’ मी ‘बरं’ म्हणाले होते. डागाबद्दल जे तपासायचं होतं ते मी तपासलं आहे. येत्या रविवारी शिरगावहून पाहुणे मला बघायला येणार आहेत. आईला मी सांगितलंय, की त्यांना हो की नको ते शनिवारी सांगते. मला नको म्हणायचं आहे, आणि ते का, हे आईला तुझं नाव घेऊन सांगायचं आहे. तू येणार आहेस की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव.

तुझीच (हेही तपासूनच लिहिलं आहे),
उज्ज्वला