अंजूची हिरवी साडी

डोळखांब

तीर्थरूप आईस, साष्टांग नमस्कार.

इथे नाचणीची भाकरी मिळते, पोट ठीक आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

आमची संस्था बचत गटाच्या बायकांकडून टाकून दिलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून घेते. ‘पुनर्नवा’ हे नाव मी सुचवले. शास्त्रीबुवांच्या मुलाकडून तेवढीच अपेक्षा होती. कापड आमच्या संस्थेच्या प्रमुख निवेदिताताईंनी नदीकाठून गोळा केले. माणूस गेले की त्याचे कपडे इथे नदीवर सोडतात, हे त्यांना ठाऊक नव्हते.

परवा शिवताना गटातल्या जनीच्या हाती हिरवी साडी आली. “ही माज्या लेकीची, अंजूची. आमीच सोडली नदीवर.”

ताई हरखल्या. “किती सुंदर गोष्ट आहे मावशी. पिशवीच्या चिठ्ठीवर छापू या.”

“छापू नको गो. पदराचा तुकडा तेवढा दे.”

“सगळ्या पिशव्या एकसारख्या हव्यात ना,” म्हणून त्यांनी साडी दुसरीकडे कापायला दिली. चिठ्ठी छापलीच; तिचे शुद्धलेखन मी तपासले.

काल प्रदर्शनात एका पाहुण्या बाईंनी नेमकी त्या हिरव्या साडीची पिशवी उचलली. जनीने स्वतः त्यांच्या खांद्याला अडकवली. “शोभते तुमाला,” म्हणाली.

दादांच्या मागे राहिलेला त्यांचा जुना कोट पिशव्यांसाठी इकडे पाठव, असे मी लिहिले होते. पाठवू नकोस. इथली कात्री फार चांगली चालते.

इथूनच तुझ्या पायांवर डोके ठेवतो,
विद्याधर