गाभाऱ्यातला वास

बाई,

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं झाली. आज ऑफिसमध्ये बसून तुम्हाला लिहितोय, कारण हे ज्याला सांगावं असं दुसरं कुणी मला सुचत नाही. मी दुबईत एका सहल कंपनीसाठी मजकूर लिहितो. फोटो येतात, चारशे शब्द लागतात, मी ते दुपारपर्यंत देतो. इतक्या वर्षांत एकदाही उशीर केलेला नाही. इजिप्तच्या देवळांची एका दिवसाची, खाजगी गाइडसोबतची सहल मीच लिहिली, इथल्या अल कुसैस भागातल्या माझ्या घरात जेवणाच्या टेबलावर, एकही देऊळ न बघता. त्यात एक ओळ घातली: गाभाऱ्यात उभं राहून डोळे मिटा, हजारो वर्षांपूर्वीच्या धुपाचा वास अजूनही येतो. मॅनेजरला ती फार आवडली.

सातवीतली सहल तुम्हाला आठवत असेल. मला गोवर आला होता, मी गेलोच नव्हतो, तरी निबंध लिहिला आणि लेण्यांत फुलांचा मंद सुगंध दरवळत ठेवला. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "सुगंध कुणाच्या नाकाने घेतलास रे?" वर्ग हसला. मी आठवडाभर तुमच्याकडे वर मान करून पाहिलं नाही. पुढच्या रविवारी तुम्ही मला एकट्याला एसटीने तिथे घेऊन गेलात. आतल्या खोलीत वटवाघळांची इतकी घाण येत होती की मी दारातच ओकलो. तुम्ही तुमच्या रुमालाने माझं तोंड पुसलंत, मला पायरीवर बसवलंत, पेन्सिल हातात दिलीत. "हं, आता लिही."

गेल्या महिन्यात कंपनीने मला बक्षीस म्हणून तीच सहल दिली. बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि तेरा वर्षांची मुलगी गेलो. देवळाबाहेर पंचवीस-तीस बसेस इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. आत माणूस माणसाला चिकटलेला, घामाचा आणि सनस्क्रीनचा वास. भिंतीत कोरलेल्या कमळाच्या खाचेत कुणीतरी चघळलेला च्युइंगगम दाबून बसवला होता, त्यावर अंगठ्याचा ठसा. एका देवाच्या दगडी मांडीवर डायपर घातलेलं मूल बसवून फोटो चालला होता. मला किळस येत होती आणि त्यातल्या निम्म्या लोकांना इथे मीच आणलं असेल या विचाराने ती आणखी वाढत होती.

आमचा गाइड साठीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, अतिशय अदबशीर माणूस. गाभाऱ्यात आम्हाला पाठमोरं उभं करून तो हळू आवाजात म्हणाला, "आता डोळे मिटा. हजारो वर्षांपूर्वीच्या धुपाचा वास अजूनही येतो."

"बाबा, दॅट्स युअर लाइन!" मुलगी कुजबुजली. आम्ही डोळे मिटले. आणि बाई, वास आला. गोड, जड, उदासारखा.

"ओ माय गॉड, बाबा, इट्स रिअल!"

तेवढ्यात मानेवर काहीतरी गार पडलं. मी वळून पाहिलं. गाइडच्या मुठीत एक छोटी बाटली होती, बाथरूममध्ये फवारायची असते तसली. आमच्या घरी फ्लशच्या टाकीवर तीच ठेवलेली असते. त्याने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या भिंतीवर देवीच्या पावलांपासून गुडघ्यापर्यंत चिकट, काळपट ओघळ होते, त्यांत धूळ आणि केस रुतलेले. एका दिवसात होणारं काम नव्हतं ते.

मी पुन्हा डोळे मिटले. मुलगी शेजारी उभी होती म्हणून.

बाहेर ती पाणी आणायला गेल्यावर मी त्याला विचारलं.

"मिस्टर, तुमच्या कंपनीच्या कागदात वास लिहिलाय," तो म्हणाला. "पाहुणे आत येऊन हुंगतात. येत नाही म्हणून तक्रार करतात. माझं काम दोनदा जाता जाता राहिलं. आता तक्रार नाही, खलास."

"आत खरा वास कसला येतो?"

तो पहिल्यांदाच हसला. "वटवाघळांचा."

परत आल्यावर सोमवारी मी ती ओळ काढली. वीस मिनिटांत मॅनेजर टेबलापाशी. "हबीबी, धुपवाली लाइन किधर गया? उसी पे तो बुकिंग आता है. यल्ला, चार बजे से पहले डाल दो." मला त्याला त्या ओघळांबद्दल सांगायचं होतं, त्या म्हाताऱ्या गाइडचं नाव न घेता सांगता आलं असतं. मी म्हणालो, "ओके, सर." पावणेचारला ओळ परत जागेवर होती. म्हणजे आज, हे लिहितानाही, तिथे कुणीतरी डोळे मिटून उभं असेल आणि तो बाटली दाबत असेल.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घराचा पत्ताही आता राहिलेला नाही. पण एक राहिलं. मानेवर ते गार थेंब पडायच्या आधी, डोळे मिटलेले असताना, मला तुमची आठवण आली होती. मनात म्हटलं, बघा बाई, येतोय की वास. तुम्हीच चुकलात. आणि मला फार बरं वाटलं होतं.